फुगलेले गाल

गाल फुगवून ट्रंपेट वाजवणारा माणूस लोकांना फार आवडतो. डोळे बाहेर, गळ्याच्या शिरा ताठ, गाल पुरीसारखे टम्म. बघणाऱ्याला वाटतं, काय जीव ओततोय गडी. ज्याला कळतं त्याला ठाऊक असतं, गाल फुगले म्हणजे वारा गालातच अडकला. ओठ तयार असले की गाल सपाट राहतात आणि बघायला काहीच मिळत नाही. आमच्या बँडमध्ये मी बघण्यासारखा होतो. ऐकण्यासारखे चाचा.

चाचा जुन्नरचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मला ट्रंपेट त्यांनीच शिकवला आणि पुढे पहिल्या ट्रंपेटची जागाही त्यांनीच मला सोडली. पहिला म्हणजे वरचे सूर त्याचे, पुढे उभं राहणं त्याचं, पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये येणंही त्याचंच. चाचा दुसऱ्या जागेवर गेले ते पुढच्या दातांमुळे. या वाद्याला दात लागतात असं सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. वरचा सूर काढताना माउथपीस, म्हणजे तोंडाला लावायचं सुटं टोक, ओठावर दाबला जातो, आणि ओठाच्या मागे दातच असतात.

लग्नसराईत आम्ही टेम्पोतच राहत होतो म्हटलं तरी चालेल. रोज दोन-दोन गावं. रोज वाजवताय तर वेगळा सराव कशाला, असं लोक विचारतात. रोज वाजवतो कुठे? कीबोर्ड आणि त्याचे ते कपाटाएवढे स्पीकर आल्यापासून आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नव्हता. नाचणाऱ्यांचं तर काय सांगावं, त्यांना ताल आणि धूळ मिळाली की झालं. एकदा मी कडवंभर नुसता ट्रंपेट तोंडाला लावून उभा राहिलो. कुणाचं काही अडलं नाही. मग मी तेच करत राहिलो. ओठ मात्र हिशेबाने चालत नाहीत. चार दिवस त्यांच्याकडून लांब सूर धरून घेतला नाही तर ते परक्यासारखे वागतात. मी महिनेच्या महिने टेम्पोत झोपून घालवले.

चाचा टेम्पोत ढोलांना पाठ टेकून बसत. खिशातून नुसता माउथपीस काढत आणि ओठ थरथरवून त्यात एकेक लांब सूर धरत. खड्डा आला की बाजूला घेत, रस्ता बरा लागला की परत तोंडाला. लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागल्यापासून ओतूर येईपर्यंत तो भुंगा चालू. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चाचा, माश्या हाकलताय का?" टेम्पो हसला. चाचांनी माउथपीस रुमालाने पुसला.

"माश्या मेलेल्यावर बसत्यात, बाबा. मी अजून हाय."

त्यावर टेम्पो जास्त हसला. ते मला लागलं, म्हणून मी आणखीच हट्टाने झोपायला लागलो.

त्या उन्हाळ्यात चाचांचा वरचा एक दात हलायला लागला. डॉक्टरने तार बसवून देतो म्हणून सांगितलं होतं, तोवर त्याच्यावर दाब देऊ नका. त्या दिवशी सकाळचं काम ओतूरला झालं होतं आणि दुपारचं लग्न महाळुंगे पडवळला होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो तेव्हा आमच्या बँडची एक रीत होती. देवळाच्या दारात ढोल, ताशा, कीबोर्ड सगळं थांबायचं. दोन ट्रंपेटच एक संथ चाल वाजवायचे, आणि नवरदेव उंबऱ्यावर डोकं टेकवून उठेपर्यंत शेवटचा वरचा सूर धरायचा. मला लपायला जागा नव्हती ती एवढ्या एकाच ठिकाणी.

ओतूरच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना चाचा म्हणाले, "आज वरचं समदं तू घे. मी खाली ऱ्हातो. जमंल ना? जमत नसंल तर आत्ताच सांग, ती चालच वाजवायची न्हाई."

मी म्हणालो, "जमंल की, चाचा."

नारायणगावावरून जायला तासभर लागला. तासाभरात ओठ तयार होत नाहीत हे मला कळतं. पण माउथपीस तोंडाला लावला असता तर ओठ तयार नाहीत एवढं तरी उघड झालं असतं आणि तोंड उघडून सांगता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले. झोप लागली नव्हती. चाचांनी माझ्याकडे बघू नये म्हणून मिटले होते.

देवळाच्या दारात सगळं थांबलं. चाल निम्मी नीट गेली. मग वरचा सूर आला आणि माझ्या ट्रंपेटमधून नुसती फुसफुस निघाली. मी काय करावं? गाल फुगवले, ट्रंपेट आभाळाकडे केला, डोळे मिटले. मग माझ्या डाव्या बाजूने सूर आला. सरळ, गोल, कुठेही न हलणारा. नवरदेव उठेपर्यंत तो थांबला नाही.

लोक बघत होते माझ्याकडे. नवरदेवाच्या मामांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "राव, लई दम हाय तुमच्यात." मी हात जोडले. हसलोसुद्धा. शेजारी चाचांच्या तोंडावरचा रुमाल लाल झाला होता.

तो दात गेला, शेजारचाही गेला. चाचा परत बँडमध्ये आले नाहीत. गावोगाव लोक विचारायचे, म्हातारबुवा दिसत नाहीत ते? मी सांगायचो, वय झालं त्यांचं. इतक्या सहज सांगायचो की मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आता चार वर्षं मी माउथपीस खिशात ठेवतो. एसटीत, टेम्पोत, फाट्यावर उभा असताना लांब सूर धरतो. बँडमधले लोक याला निष्ठा म्हणतात. त्यांना काय, गाल फुगले की त्यांना दम दिसतो.

गेल्या महिन्यात जुन्नरला चाचांच्या घरी गेलो. ते आता घरचं जुनंच काम करतात, फुटके पत्र्याचे डबे कथलाचा डाग देऊन झाळायचं. मी सगळं सांगितलं, टॉवेलपर्यंत. त्यांचा हात चालूच होता.

"ते म्या तवाच बघितलं व्हतं," ते म्हणाले. "गाल केवढं फुगलं व्हतं तुझं. ट्रंपेट आणलाय का?"

पिशवीत होता.

"वाजव ते शेवटचं."

मी तो सूर धरला. गाल सपाट. चाचांनी डबा खाली ठेवला आणि सूर संपेपर्यंत ऐकलं.

"येतंय की," ते म्हणाले. "मंग तवा का न्हाई केलं?"

आवाजात राग नव्हता. खरंच ठाऊक नसल्यासारखं त्यांनी विचारलं. येताना वाटेत मी बरीच उत्तरं जुळवली होती. स्पीकर, खड्डे, दगदग.

"आळस, चाचा," मी म्हणालो. "दुसरं काही न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि डबा परत हातात घेतला.