न तोडलेलं फूल

मी कमी बोलतो. घरी कमी, कामावर त्याहून कमी. त्यामुळे ते फूल माझ्या हातून गेलं, हे सांगायलाही आठवडा लावला.

फूल रानतेरड्याचं, पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगरावरचं. तिथल्या एका सहकारी बाईंना ते ढगांत बुडालेल्या जंगलात, ओढ्याकाठी सापडलं. माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी ते जुळेना. मी इथे सिंगापुरात हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, वर्षानुवर्षं तेरडेच बघतोय, म्हणून वर्णनाचं काम माझ्याकडे आलं. तेरड्याचं फूल कागदात दाबलं की त्याचा नुसता डाग उरतो. म्हणून बाईंनी फांदी वाळवून पाठवली आणि एकच फूल स्पिरिटच्या बाटलीत घालून. फुलाचे भाग सुटे करून चित्र काढल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. वर्णनाशिवाय जातीला नाव नाही, आणि बिननावाचं झाड धोक्यातल्या झाडांमध्ये धरलं जात नाही. तिकडे त्या उतारावर लाकूडतोड सुरू झाली होती.

शुक्रवारी मी बाटली उघडली, फूल डोळे भरून पाहिलं आणि झाकण नुसतं टेकवून घरी गेलो. आमच्या खोलीतली हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली असते. सोमवारी स्पिरिट उडालेलं, तळाशी तपकिरी चिकटा.

आठवड्यानंतर टॅम्पिनीसमधल्या आमच्या घरी, जेवताना, तोंडून निघून गेलं. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर लाह!"

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या एसीत सुरक्षित राहील म्हणून पाठवलं होतं हो!" हसल्या, पण आवाज लगेच उतरला. "झाडं मोजकीच आहेत. आता तोडलेलं प्रत्येक फूल म्हणजे गेलेलं बी. मी नाही तोडणार."

आयुष्यभर मी झाडं उपटून कागदावर चिकटवली. असं कुणी ऐकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको कॉरिडॉर झाडत होती. गौरीसाठी आम्ही कुंड्यांत तेरडा लावतो. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसला निघायची तिची घाई, त्यात हा पसारा.

"बघ तुझे लाडके! पाकळी नाही, अख्खंच्या अख्खं फूल टाकतात."

हे मला काय माहीत नव्हतं? पण सुपलीतलं फूल उचललं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. फूल सबंध होतं, आणि कुंडीतल्या झाडाच्या देठावर इवलीशी शेंग तशीच. गळालेलं फूल घेतलं तर बी जात नाही, हे सांगायला लगेच फोन लावला.

"म्हणजे मी जंगलात ओंजळ धरून बसू?" बाई फोनवर म्हणाल्या. पण बसल्या. झाडाखाली छत्री उलटी धरून, धुक्यात, ताजं फूल आपसूक गळेपर्यंत. दुसरी बाटली आली. त्याचं चित्र होईपर्यंत बायको रोज दारातून विचारायची, "डबा घेतलास? झाकण?"

वर्णन छापून आलं. झाडाला त्या ओढ्याचं नाव मिळालं, धोक्यातली जात म्हणून नोंद झाली, आणि सध्या तरी त्या उतारावरची कुऱ्हाड थांबली आहे. शेवटी आभारांत मी स्पष्ट लिहिलं: पहिलं फूल माझ्या हलगर्जीने गेलं, दुसरं गळालेलं आहे, आणि ते सुचलं बायकोमुळे.

तिने ते वाचलं, चष्मा काढला.

"इंग्रजीत आभार मानलेस. मराठीत राहिलेच की रे."

म्हणून हे लिहिलं.