काळोखा खळगा

आमच्या प्रयोगशाळेत उजेड दिसला की आम्ही हिरमुसतो. छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत रोगप्रतिकारक पेशी असतात. त्यांच्या अंगावर ग्राही नावाच्या जागा असतात. तिथे बाहेरचा रेणू येऊन चिकटला की खळगा हिरवा चमकतो. हे चिकटणं थांबवणारं औषध आम्ही शोधतोय, कारण याच पेशी कधी कधी आपल्याच सांध्यांवर उठतात. म्हणून अंधारा खळगा दिसला की आनंद.

आज एक खळगा अगदी काळोखा निघाला. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पेशी गप्प झाल्यात की मेल्यात, ते बघितलंस का?"

मेलेली पेशीही चमकत नाही. ते ओळखायला निळा रंग घालतात. मेलेली पेशी तो आत घेते, जिवंत घेत नाही. पण रंग घालेपर्यंत दोन्ही अंधार सारखेच. मी त्या रंगाची बाटली हातात धरून नुसती बघत राहिले.

आईच्या पेशी अशाच तिच्या सांध्यांवर उलटल्यात. पूर्वी ती कण्हायची, बोटं वळत नाहीत म्हणून चिडायची, ओट्यावर सांडशी आपटायची. नवं औषध सुरू झाल्यापासून ती गप्प आहे. गुण आला, असं मी सगळ्यांना सांगते.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, दुखतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि उकळत्या चहाचं पातेलं उतरवायला सांडशी माझ्या हातात दिली.