मृगापर्यंतचं पाणी

सुमनताई गेली तेव्हा वाशीमच्या आमच्या घरी नळ आला होता. तो रोज येत नाही, त्यामुळे आला की बाकीची कामं आपोआप थांबतात. मी मागच्या अंगणात टाकीत पाइप धरून उभा होतो आणि फोन वाजला. भाचा होता, प्रशांत. "मामा, आई गेली... आत्ताच. ओसरीत बसली होती, चहा मागितला, अन्..." फोन ठेवला तेव्हा टाकी भरून पाणी पायावर सांडत होतं. मी आधी नळ बंद केला आणि मग पायरीवर बसलो. बहीण गेल्याचं कळल्यावर माणूस आधी नळ बंद करतो का, हे पुढे काही दिवस मनात घोळत राहिलं. मग वाटलं, ताईच्या भावानं दुसरं काय केलं असतं? पाणी वाहू देऊन रडत बसलो असतो तर पहिली शिवी तिचीच खाल्ली असती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आमचं मूळ गाव जऊळका. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की आम्ही भावंडं नाल्याच्या कोरड्या पात्रात झिरा करायचो. वाळूत हातभर खड्डा उकरायचा, तळाशी पाणी झिरपू द्यायचं, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग येईल ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. मला हे काम आवडे, कारण पाणी साचेपर्यंत पुस्तक वाचता येई. ताईला मात्र बसवत नसे. एक झिरा भरायच्या आत ती दुसरा उकरायची, मग तिसरा. शेवटी सगळ्या खड्ड्यांत थोडं थोडं पाणी, आणि कशातच वाटी बुडत नाही! माय घागर पाहून म्हणायची, "सुमे, तुले कोनं दम शिकोला नाई काय?" ताई फणकारून उत्तर द्यायची, "दम धरून घागर भरते काय?" मायला हसू आवरायचं नाही. घरात भांडण असो, लग्न असो, आजारपण असो, ताई सगळ्यांच्या आधी उठलेली असायची, आणि त्या घाईतही कुणाचं तरी भलंच करायला निघालेली असायची. मला शिकायला वाशीमला पाठवायचं की नाही, यावर वडील विचार करत बसले होते, तेव्हा तिनं माझे कपडे बांधूनही टाकले होते.

लग्न होऊन ती मेडशीच्या बाजूला एका लहानशा गावात गेली. सोयाबीन-तुरीची चांगली जमीन, आणि तिनं नि भाऊजींनी मिळून वाढवलेली संत्र्याची बाग. भाऊजी अबोल. दोघांच्या वाट्याचं तीच बोलायची. बहिणीच्या सासरचं अख्खं गाव आपल्याला 'मामा' म्हणतं. मी सुटीत पुस्तकांची पिशवी घेऊन गेलो की पारावरची म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, "आले काय मामा? या वख्ती किती किलो आनले वाचाले?"

त्या गावाला प्यायचं पाणी नाल्याकाठच्या एका जुन्या दगडी विहिरीचं. चैत्रात तिचा तळ दिसू लागायचा. मग टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. पाणी तळाशी पोचायच्या आत चहूबाजूंनी बादल्या सुटायच्या, दोर एकमेकांत अडकायचे, बायकांची भांडणं व्हायची. एका उन्हाळ्यात अशाच झटापटीत एका लेकुरवाळीचा पाय घसरला. ती काठावरच पडली म्हणून वाचली. त्याच वर्षी गावानं ताईला पाणी समितीची अध्यक्ष केलं आणि तिनं ठरवलं की यापुढे गावात टँकर येणार नाही.

तिचा उपाय आमच्या भागात कुणालाही सुचावा असाच होता. विहिरीच्या तळाशी बोअर मारायचं, खालचं पाणी वर येईल. आजूबाजूच्या शिवारांत अनेकांनी तसं केलं होतं, काहींना पाणी लागलंही होतं. भूजल खात्यातल्या एका तरुण साहेबांनी तिला फोनवर सांगितलं की आधी मी येऊन विहीर पाहतो, पुढच्या आठवड्यात येतो, तोवर हात लावू नका. भाऊजीही म्हणाले, "थांबू ना थोडं." ताई त्यांना म्हणाली, "साहेबाले यायले आठोडा, अन् लोकायच्या घागरी आजच कोरड्या हायेत. थांबू कायच्यासाठी?" दुसऱ्याच दिवशी विहिरीत मशीन उतरली. नारळ फुटला. खाली काळ्या पाषाणाला भोक पडलं, आतून ओला चिखल उसळून वर आला आणि काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मला फोन केला तेव्हा मागचा गलका मला इकडे ऐकू येत होता. "बाबू, पानी लागलं रे!"

सकाळी बायका विहिरीवर गेल्या तर विहिरीत होतं तेवढं कंबरभर पाणीही नव्हतं. तळाच्या चिखलात मधोमध ते भोक तेवढं दिसत होतं.

साहेब ठरल्या दिवशी आले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. वरच्या मुरमात पावसाचं पाणी मुरतं, खालचा कठीण दगड त्याला परातीसारखं धरून ठेवतो, एवढंच त्यांनी सांगितलं. परातीला भोक पडलं होतं. पाणी त्या भोकातून खोल दगडाच्या भेगांमध्ये निघून गेलं होतं.

मी त्या दिवशी गावात पोचलो होतो. संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. समितीतली दोन माणसं, मशीनवाल्यानं भोक जास्त खोल नेलं, त्यालाच धरा, असं म्हणू लागली. ताई उठली. पदर खोचून उभी राहिली. "त्याचं नाव काहून घेता? त्यानं मी सांगतलं तेवढंच केलं. साहेबानं थांब म्हनलं होतं, घरी यायनंबी म्हनलं होतं. म्या आयकलं नाई. हे माझ्यानं झालं." शेजारची कौसाबाई, तिची रोजची मैत्रीण, तिथंच सगळ्यांसमोर म्हणाली, "सुमन, तू पानी काढाले गेली अन् होतं तेबी गाडून आली!" माणसं हसली. ताई नाही हसली, पण चिडलीही नाही. "व्हय, आली गाडून," ती म्हणाली. "आता विहिरीले पानी येईपावतर आमच्या मळ्यातल्या विहिरीवर या सारे. फाटक काढून टाकतो."

मी पुष्कळ वाचलं आहे, मोठमोठ्या माणसांची चरित्रं वाचली आहेत. पण आपली चूक इतक्या थोड्या शब्दांत, काहीही सबब न जोडता मान्य करणारं माणूस मी प्रत्यक्ष एकच पाहिलं, आणि ते आमच्या घरातलं होतं.

मळ्यातल्या विहिरीत गाव आणि बाग दोन्ही भागतील एवढं पाणी नव्हतं. घरी आल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, "बाग वाळन, सुमन."

"वाळू द्या. बाग काई मले नाव ठेवनार नाई."

बाग खरोखर वाळली. जी झाडं लहान असताना तिनं त्यांना मडक्यानं पाणी घातलं होतं, ती पुढच्या वर्षी तोडावी लागली. तोडणीच्या दिवशी ती शेतात गेली नाही. त्या दिवशी ती विहिरीत उतरली होती. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे ते भोक बुजवायचं काम चाललं होतं, खालून खडी, वर चिकण माती, मग सिमेंट. मिस्त्री घाई करू लागला की ती म्हणायची, "दम धर बाप्पा, बसू दे मातीले." सुमीच्या तोंडून 'दम धर' ऐकायला माय हवी होती, असं मला फार वाटलं.

भोक बुजलं म्हणून पाणी लगेच आलं नाही. त्या काळात ती मला सारखी फोन करायची. एकदा विचारलं, "बाबू, तू एवढी पुस्तकं वाचतं, मले सांग, ते गेलेलं पानी गेलं कुठी?" मी मला समजलं होतं तसं सांगितलं. खडकाच्या भेगांमधून ते हळूहळू खाली सरकत असेल, कुठंतरी लांब एखाद्या नदीत निघेल, नदी समुद्राला जाते, समुद्राची वाफ होते, ढग होतात...

"म्हंजे माघारी येईन?"

"येईल. पण कधी, ते सांगता येत नाही. भूगर्भातलं पाणी शंभर वर्षंसुद्धा खाली राहू शकतं."

ती म्हणाली, "तुया पुस्तकायले घाई नाई. मले हाय." आणि फोन ठेवून दिला.

तरीही पुढच्या वर्षांत ती थांबायला शिकली. गेलेल्या पाण्याची वाट पाहण्यापेक्षा येणारं पाणी धरायचं, हे तिनं साहेबांकडून उचललं. विहिरीच्या वरच्या अंगाला ज्यांची शेतं, त्यांच्या घरी ती एकेक करून गेली. उताराला आडवी नांगरणी करा, शेताच्या कडेला, धुऱ्याला, चर घ्या, नाल्यात दगडांचे लहान बांध घालू द्या, आणि विहिरीच्या आसपास नवं बोअर मारू नका. पहिल्यांदा माणसं तोंडावर म्हणायची, "काकू, बोअर त तुमीच मारलं होतं ना?" ती म्हणायची, "म्हनून त सांगाले आली. दुसऱ्या कोनाले काय मालूम?" तिच्या चुकीचा असा उपयोग तिनं केला. लाजेनं घरात बसली असती तर तिला कुणी काही म्हटलं नसतं.

विहीर सावकाश सावरली. एका वर्षी पाणी शिमग्यापर्यंत टिकलं, नंतर पाडव्यापर्यंत. मोटार बसवायची नाही, पिण्यापुरतंच दोरानं ओढायचं, हा तिचा नियम बायकांनी कुरकुरत का होईना पाळला. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा ती मला विहिरीवर घेऊन गेली. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. पाण्यात दोन पांढरी डोकी दिसत होती. "एकडाव मृगापर्यंत टिकली पायजे," ती म्हणाली. "टँकर न येता. मंग माझ्या जिवाले शांती. मंग मी कोनाच्या घरी सांगाले जानार नाई." तिला दुसरं काहीही नको होतं. ती गेली तेव्हा चैत्र संपत आला होता आणि विहिरीत पाणी होतं. पण मृग अजून लांब होता.

तेरवीचा, तेराव्या दिवसाच्या जेवणाचा, प्रश्न निघाला तो इथं. तशा मोठ्या घरातली कर्ती बाई गेली म्हणजे तेरवीला गाव जेवणार, मानोऱ्याकडचे, मंगरूळपीरकडचे पाहुणे येणार. मळ्यातली विहीर तर फाल्गुनातच आटली होती. एवढ्या माणसांचा स्वयंपाक, पिणं, भांडी, हे सगळं पाणी गावच्या विहिरीतूनच निघायचं होतं. आणि कुणाची ना नव्हती. उलट कौसाबाई स्वतः ओसरीत येऊन म्हणाली, "तिचीच विहीर हाय. तिच्या तेरवीले नाई काढाचं त कोनाच्या?" प्रशांतचे काका म्हणाले, विहिरीचं नको असेल तर टँकर मागवू, पण जेवण झालंच पाहिजे, लोकांना तोंड काय दाखवायचं.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. ताई गेल्यापासून ते कुणाशी बोललेच नव्हते. त्यांनी मान वर केली. "टँकरबी कोनाच्या तरी विहिरीतूनच येईन," ते म्हणाले. "जेवन नाई. घरचे बसू, तेवढंच."

"अरे पन लोक काय म्हनतीन?" काका म्हणाले.

"म्हनू द्या." ते म्हणाले, "तिनं बाग जाऊ देली. मले एक जेवन जाऊ देता येत नाई काय?"

इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो. त्यांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. काका उठून गेले. काही पाहुणे नाराज झाले, काहींनी तसं बोलूनही दाखवलं. तेरवीला आम्ही घरचेच पानावर बसलो, आणि कुणालाच फारसं जेवण गेलं नाही.

मृग लागला त्या सकाळी मी वाशीमहून एसटीनं निघालो. कुणी बोलावलं नव्हतं. आकाश कोरडं होतं, रस्त्यावर धूळ होती. फाट्यावर उतरून घरी न जाता सरळ विहिरीकडे वळलो. तिथं पुष्कळ बायका होत्या, माणसंही होती, भाऊजी काठाच्या दगडावर बसले होते. मी वाकून पाहिलं. तळाशी, सावलीत, पाणी होतं. फार नाही... पण होतं.

कौसाबाईनं विहिरीच्या चबुतऱ्यावर गाळून घेतलेल्या पाण्याची घागर ठेवली होती, आणि जो येईल त्याला ती स्टीलच्या पेल्यातून पाणी देत होती. गावच्या पोरींना, शेतावर निघालेल्या गड्यांना, रुसून गेलेल्या त्या काकांनाही. मी पुढे झालो तसा तिनं पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या मामा," ती म्हणाली. "सुमनची तेरवी हाय."

पाणी जरा मचूळ लागत होतं. मी उभ्याउभ्या सगळं प्यालो आणि पेला परत दिला, कारण मागे माणसं उभी होती.