दूध न करपणारं पातेलं

भांडी बाजारात बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे मी. गिऱ्हाईक पायरी चढलं की मला कळतं, हे घेणार की नुसता भाव विचारून सटकणार. यादवराव शेवाळे पहिल्यांदा आले तेव्हा मात्र मी साफ चुकले. वाटलं, रिटायर माणूस, घरात करमत नाही, आला डोकं खायला.

आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक करपलेलं पातेलं काढलं, काउंटरवर पालथं घातलं आणि विचारलं, याच्या बुडात कुठला धातू आहे. मी म्हटलं, काका, स्टीलच्या दुकानात आलात, स्टीलच असणार. झालं. अर्धा तास माझी शाळा घेतली. नुसतं स्टील जाळ लागेल तिथंच तापतं, म्हणून दूध बुडाला लागतं. पोटात दुसऱ्या धातूचा थर असला तर उष्णता सगळीकडे सारखी पसरते. हे सगळं खरंच आहे, आम्हीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो, पण मला शिकवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं. मग कळलं, माणूस एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर होता.

कळवणकडच्या खेड्यातला पोरगा. हेल्पर म्हणून चिकटला, ऑपरेटर म्हणून निवृत्त झाला. आयुष्य तीन पाळ्यांत गेलं. पण पाळी कुठलीही असो, चांगुणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कधी गार जेवू दिलं नाही. सकाळी सात वाजता घरी आले तरी तव्यावर भाकरी फुगत असायची. हे मला त्यांनी किमान दहा वेळा सांगितलं असेल. मी चिडवायचे, काका, इथं नवरा-बायको कढईवरून भांडायला येतात, तुम्ही एकटेच कौतुक करायला येता. म्हातारा चक्क लाजायचा.

तर त्या खेपेला मी त्यांना जाड बुडाचं पातेलं दिलं. महिन्याभरात ते काळं होऊन परत. मग ट्रायप्लाय दिलं, म्हणजे वरखाली स्टील आणि मधे काठापर्यंत ॲल्युमिनियम. तेही तीन आठवड्यांनी पिशवीतून बाहेर आलं. सोबत एक तक्ता होता. प्लँटवर दर तासाला आकडे लिहायची सवय, ती हातातून जात नाही. भांडं कुठलं, जाडी किती, गॅस मोठा की बारीक, दूध किती, किती मिनिटांनी करपलं, सगळ्याचे रकाने आखलेले. चुलीपाशी कोण होतं, याचा रकाना मात्र नव्हता.

आता तांब्याचा थर असलेलं बघू म्हणाले. त्या दिवशी मुलीचंही सांगितलं. पल्लवी पुण्याला असते. चार दिवस राहायला आली तर स्वयंपाकघरात धूर आणि आई गॅलरीत तुळशीशी बोलत बसलेली. पल्लवीनं सांगून टाकलं, आता आईला गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, शेगडीच काढून टाका, डबा लावा. काकांनी तिच्याकडून एकच संधी मागून घेतली होती. अजून एकदा भांडं करपलं, तर चांगुणाबाईंचं स्वयंपाकघर बंद.

"चूल गेली तर ती जगायची नाय, मीनाताई," ते म्हणाले. "तिची चूक नाय हो. भांडं बरोबर मिळंना."

मी ते ट्रायप्लायचं पातेलं हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं. ते दूध लागल्याचं भांडं नव्हतंच. दूध उतू जाऊन, आटून, जळून, त्यानंतरही तासभर ते रिकामं जाळावर होतं. बूड निळं पडलेलं. जगातला कुठलाच धातू तिथं टिकत नाही. ज्या माणसानं जन्मभर आग सांभाळली त्याला हे दिसत नव्हतं? दिसत होतं. पण वळणार कसं?

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की काका, गॅस बारीक करायला माणूस भानावर लागतो. काकूंना भांडं नको, डॉक्टरांना दाखवा. इतरांना फटाफट बोलते मी, माझं तोंड सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्या दिवशी मात्र गुपचूप फळीवरून तांब्याचं पातेलं काढलं. त्याचा राग मला अजून येतो, माझाच.

तांब्याचं लवकर तापतं, गॅस कमी केला की लवकर निवतंही, हे त्यांना पटलं. पण ते जड. मंडळींच्या मनगटाला झेपेल का? नाहीतर ॲल्युमिनियमचंच, पण आणखी जाड थराचं घ्यावं? ठरेना. म्हणाले, तिलाच आणतो, तिच्या हाताला काय वाटतं ते बघू.

गुरुवारी दोघं आले. चांगुणाबाई ठेंगण्या, स्वच्छ, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या. मी दोन्ही पातेली पुढ्यात ठेवली. त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली, काठावरून अंगठा फिरवला, कान धरून उचलली. तांब्याचं भरलं की पेलणार नाही, म्हणाल्या. आणि मला सांगितलं, दूध ओतायच्या आधी पातेलं पाण्यानं विसळून घ्यायचं, पुसायचं नाही, मग लागत नाही. किती शहाणं बोलत होत्या बाई. काकांचा चेहरा असा फुलला, की मलाच वाटलं माझंच चुकलं असेल. बघा, बघा, असं मला डोळ्यांनी सांगत होते.

तेवढ्यात चांगुणाबाई त्यांच्याकडे वळल्या आणि आदबीनं विचारलं, "भाऊ, तुम्ही कोणासाठी घेताय?"

काकांनी एक पातेलं उचलून हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, बायकोसाठी.

"मग हलकं घ्या. बाईमाणसाचा हात दुखतो." एवढं सांगून त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि घाबऱ्या होऊन माझा दंड धरला. "ताई, मला घरी जायचंय. मालकांची पाळी सुटायची वेळ झाली. येतील नि उपाशी बसतील."

मला रडू आवरेना, मी तोंड फिरवलं. काकांनी हातातलं पातेलं काउंटरवर ठेवलं. मला म्हणाले, दोन्ही उचलून ठेवा, नको आता. मग दोन पावलं मागे सरले. मित्राच्या बायकोशी बोलावं तसा आवाज काढला.

"वहिनी, मी एकलहऱ्यालाच असतो. शेवाळ्यांच्याच पाळीला. चला, तुम्हाला घरी सोडतो."

चांगुणाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डोक्यावरचा पदर नीट केला. "त्यांच्या ओळखीचे हायेत ना?"

"लय जुनी ओळख हाय."

"मग चला."

दोघं पायरी उतरले. काका पुढं, त्या मागं. गर्दी होती, रिक्षा अंगावर येत होत्या. दर चार पावलांवर काका थांबून मागे बघत होते, पडत तर नाहीत ना म्हणून. हात मात्र धरता येत नव्हता. परक्या बाईचा हात कसा धरणार?