दाराकडे पळणारा उजेड

आधीच सांगून ठेवतो — भुताखेतांवर, अंगात येण्यावर, 'अनुभव' वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा विश्वास पटकन बसतो तो फक्त दुकानदाराच्या बोलण्यावर. आजवर माझी जेवढी फजिती झाली ती सगळी त्यातूनच, त्यात भुतांचा हात कधीच नव्हता. त्यामुळे इथे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहितो... कारण घरात याबद्दल कोणी बोलत नाही.

मी देवासला एका कारखान्यात नोकरी करतो. आई आणि नाना — म्हणजे माझे वडील — धारला राहतात, नानांनीच बांधलेल्या घरात. गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. त्या दर वर्षी धारलाच बसतात, मग मी आणि माधवी, माझी बायको, दोघं तिकडे जातो.

नानांना विसरण्याचा आजार आहे. आईला ओळखतात, मला कधी ओळखतात, कधी नाही. मागे एकदा घराबाहेर पडले ते थेट किल्ल्याच्या रस्त्याला सापडले होते. तेव्हापासून घरात एकच कायदा — बाहेरच्या दाराला कायम कडी.

यंदा आईचे गुडघे वाकेनात. महालक्ष्म्या आत येतात त्या वाटेवर, उंबरठ्यापासून त्यांच्या जागेपर्यंत, हळदी-कुंकवाची पावलं काढायची असतात. ती कोण काढणार? माधवी म्हणाली, "मी काढते." पण मला मध्ये तोंड घालायची सवय. "आई, यंदा पावलं माझ्याकडे. लाइटची!"

देवासच्या दुकानात मी साधी, पिवळसर उजेडाची एलईडी पट्टी घ्यायला गेलो होतो. शांत दिसते, डोळ्यांना त्रास नाही. दुकानदार म्हणाला, "भिया, त्योहार में ये ले जा रहे हो? ये तो अस्पताल में लगती है. पिक्सल वाली ले जाओ. भागती है!" आणि त्याने ती लावून दाखवली. उजेडाचा ठिपका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सर्रकन पळाला. मी तिथेच विकला गेलो.

आवाहनाच्या दिवशी दुपारी पट्टी लावायला बसलो. कोटाफरशीला तिचा गोंद धरेना, म्हणून भिंतीच्या तळाशी चिकटवली आणि वर भरवशाचा म्हणून दुसरा गोंदही फासला. उंबरठा, बैठक, कोपरा वळून थेट महालक्ष्म्यांच्या मखरापर्यंत. प्लग पॉइंट मखरापाशीच होता, म्हणून अ‍ॅडॉप्टरचं टोक तिकडे. घाम पुसला, बटण दाबलं, सगळ्यांना हाक मारली.

आईने पळणाऱ्या ठिपक्यांच्या मागे मान फिरवली. मग म्हणाली, "राजू, ह्या येताहेत की निघाल्या?"

उजेड मखरापासून दाराकडे पळत होता. एकामागून एक ठिपके... उंबरठ्यापाशी जायचे आणि नाहीसे व्हायचे.

पट्टीवर बारीक बाण छापलेले असतात. बाणाच्या दिशेनेच उजेड धावतो. ते बाण मी सजावट समजलो होतो. रिमोटवर सतरा रंग, उलट दिशेचं बटण मात्र नाही. उपटायला गेलो तर भरवशाच्या गोंदाबरोबर भिंतीचा रंग निघायला लागला.

"मुलांनी बापाला घराबाहेर काढल्याचं ऐकलं होतं," माधवी म्हणाली, "तुम्ही तर देवींनाच वाट दाखवताय."

"देवीला बाण कुठे कळतात गं!"

नाना खुर्चीत बसून ते ठिपके बघत होते. मला म्हणाले, "तुम्ही वायरमन का?"

"हो नाना."

"ह्या कुठे चालल्या?"

"कोण?"

ते पुन्हा ठिपके बघू लागले. मी पकड आणायला मागच्या खोलीत गेलो. उंबरठ्यावरचं टोक चिकटवताना दार उघडलेलं होतं. कडी लावायचं... राहिलं.

परत आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. नानांच्या चपला जागेवर. पट्टीवरचे ठिपके उंबरठ्याकडे पळतच होते.

पुढचे तास मला सलग आठवत नाहीत. शेजारचा गोपाल मोटारसायकल घेऊन आला. मी मागे बसलो. बसस्टँड, बाजार, मग मुंज तलाव. तलावाच्या काठावर उतरून मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. पाण्यात काय शोधायचं तेच कळेना. पाण्यावर काही दिसलं तर शोध संपेल, नाही दिसलं तर... गोपालने दंडाला धरून मागे ओढलं. "राजू भिया, उधर मत देखो. चलो."

एक भाजीवाली म्हणाली, "बाबूजी? नंगे पाँव? हाँ, गए हैं. नीचे देखते-देखते जा रहे थे, जैसे कुछ गिर गया हो." आणि तिने नालछ्याच्या रस्त्याकडे हात केला.

नालछ्याच्या रस्त्यावर ट्रक असतात. तो रस्ता आम्ही दोनदा पालथा घातला. प्रत्येक ट्रकच्या मागून मी वाकून बघत होतो. शेवटी गोपालच म्हणाला, "थाने में बोलके आता हूँ मैं. तुम घर जाओ, माँ को देखो." त्याने मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. घरापर्यंतचं अंतर मी कसं चाललो ते माझं मला माहीत. आईला तोंड काय दाखवणार? येताना मनात वाक्य तयार करत होतो, प्रत्येक वाक्य 'आई, मी' इथे अडकत होतं.

आई दारापुढच्या ओट्यावर बसली होती. शेजारी सुपात लाल कापडाखाली महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे. आत घ्यायची वेळ टळत चालली होती. माधवी ताट-चमचा घेऊन उभी, तो वाजवतच त्यांना आत न्यायचं असतं. आईच्या मुठीत तो अ‍ॅडॉप्टर होता. मी गेल्यावर तिने तो ओढून काढला होता आणि तेव्हापासून सोडला नव्हता.

मला एकट्याला बघून तिने माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात सगळ्या गल्लीची लाइट गेली. दिवेलागणीची वेळ, घरात कोणीही दिवा लावलेला नाही.

"आई, यांना आत घेऊ या का?" माधवी हळूच म्हणाली.

"घरचा माणूस बाहेर असताना मी कोणाला आत घेऊ?" आणि मग आई त्या सुपाकडे वळून बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तसं. "बघितलंत ना माझ्या मुलाचं? तुम्हाला आधी निरोप दिला, मग ह्यांना. आता तुम्हीच सांगा. तुम्ही आत येणार, की मीच बाहेर बसू तुमच्यापाशी?"

मी पायरीवर बसलो होतो. रडत होतो, लपवत नाही.

उंबरठ्यापाशी एक ठिपका लागला.

लाल नाही, निळा नाही. पिवळसर, त्या साध्या पट्टीसारखा, जी मी घेतली नव्हती. तो लागला आणि तिथेच थांबला. पळाला नाही. माधवीच्या हातातला चमचा ताटावर पडला. मी आईच्या मुठीकडे पाहिलं. अ‍ॅडॉप्टर मुठीतच. त्याची वायर सुटी, खाली लोंबत होती.

मग फाटक वाजलं.

नाना. एकटे. गुडघ्यापर्यंत चिखल, नजर जमिनीकडे. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता ते उंबरठा ओलांडून आत गेले आणि तो उजेड त्यांच्या पुढे-पुढे आत सरकू लागला. बाणांच्या उलट! त्यांचा डावा पाय ओढत येतो. पाय मागे राहिला की उजेड थांबायचा, पाय आला की पुढे. लहान मुलाला चालवतात तसा. मखरापाशी नाना थांबले, उजेडही थांबला... आणि विझला.

आई भिंत धरत आत गेली. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचे हात, चेहरा चाचपला. "कुठे गेला होतात हो?"

"निघाल्या होत्या त्या," नाना म्हणाले. "दोघीही. मी मागे गेलो. पार नाक्यापर्यंत गेल्या होत्या बघ. वळवून आणलं."

"कोणाला?"

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. ओट्यावर फक्त सूप होतं.

माधवीने समई लावली. तेव्हा दिसलं, उंबरठ्यापासून मखरापर्यंत कोटाफरशीवर चिखलाची पावलं उमटली होती. एक नीट, एक ओढलेलं. माधवी फडकं घेऊन वाकली तर आई ओरडली, "हात लावू नकोस!" आणि न वाकणारे गुडघे घेऊन ती खाली बसली, सरकत-सरकत प्रत्येक पावलावर हळद-कुंकू वाहत गेली. मग उठून ताट हातात घेतलं. त्याच पावलांवरून यंदाच्या महालक्ष्म्या आत आल्या.

नंतर मी देवासच्या दुकानदाराला सगळं नाही, तेवढं पट्टीचं सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला फसवायला आलोय. "भिया, तीर के उल्टे ये मर जाए तो भी नहीं चलेगी. और बिना प्लग के? घर में सब ठीक है ना?" कारखान्यातला एक मित्र म्हणाला, वायरमध्ये थोडा करंट उरला असेल. उरला असेल. पण उरलेल्या करंटला नानांचा डावा पाय कसा माहीत?

तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी दुकानदाराच्या बोलण्यावर ठेवतो तेवढा विश्वास नक्की ठेवीन. पट्टी अजून धारला भिंतीवर आहे, निघतच नाही. अ‍ॅडॉप्टर आईने देवघरात ठेवलाय, मला देत नाही. दाराला आता दोन कड्या आहेत.

आणि नाना बरे वगैरे झाले नाहीत. त्या संध्याकाळी सगळं आटोपल्यावर मी त्यांच्या पायांवरचा चिखल धूत होतो. ते माझ्या डोक्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी आईला हाक मारली.

"अगं, वायरमनला चहा दे. बिचाऱ्याने खूप काम केलंय."