बीपी उतरताना गप्प

आमच्या सासरच्या बायकांचं एकच कौतुक: बाळंतपणात ओरडत नाहीत. सासूबाईंनी म्हणे पदराचा बोळा तोंडात धरला होता, पडवीतल्या माणसांना पोर रडल्यावरच कळलं. हे त्या देवरूखच्या बाजारातही सांगत सुटायच्या. माझं सिझर ठरलं, मला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं, तेव्हा ऑपरेशनच्या दारातही तेच. नवरा मुंबईहून निघाला होता, पोचला नव्हता. "गप ऱ्हा गो बाय," म्हणाल्या, "घराचं नाव घालवू नको."

आत भूल देणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. भली बाई. पाठीत सुई दिली की बीपी एकदम उतरतं, मग बाळाला रक्त कमी पोचतं, हे त्यांनी मला नीट समजावलं. ते उतरू नये म्हणून सलाईन जोरात सोडलं, औषध भरून ठेवलं, उजव्या कुशीखाली चादरीची घडी सारली, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर येत नाही. "एवढं करूनही उतरू शकतं," त्या म्हणाल्या. "मशीनच्या आधी तुम्हाला कळेल. मळमळलं, जीव घाबरा झाला, की लगेच बोला."

पाय बधिर झाले आणि थोड्याच वेळात पोटात ढवळायला लागलं. कानात वारं भरलं. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? बरं आहे, म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा बरं आहे. मेली सवय! लग्न झाल्यापासून ताप असो की हात भाजलेला असो, तोंडात हेच एक उत्तर बसलेलं. दंडावरचा पट्टा आवळला, आकडा दिसला आणि बाईंनी झटकन औषध सोडलं. मी ओकले. मग मुलगी बाहेर आली, आणि रडलीच नाही. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, त्यालाच ठाऊक.

शेवटी रडली, अगदी बारीक. वाचली. बाई माझ्यावर चिडल्या, बोलायला सांगितलं होतं ना म्हणून. काय सांगणार? उत्तर दाराबाहेर बसलं होतं.

वॉर्डात सासूबाई अख्ख्या बाकाला सांगत होत्या, सुनेने हूं का चूं केलं नाही. घडलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांची नाटकं, म्हणाल्या. मग पाळण्यावर वाकल्या. मुलगी डोळे मिटून पडली होती.

"कशी गुणाची हो! रडत नाही. आमच्याच घरची."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हात लांब करून मी मुलीच्या तळव्याला चिमटा काढला. तिने टाहो फोडला. तिला गप्प करायला सासूबाईंनी हात पुढे केला, तो मी धरून ठेवला.