सुमनची घागर

ठेकेदारानं घागर उलटी केली. सगळं पाणी गटारात. मग तिच्या गळ्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. "सुमन. देखो भई, चोर अपना नाम लिखवा के आई है."

गल्ली हसली. माझी बायको भर उन्हात मान खाली घालून उभी. आमच्यात भांड्यावर नाव घालायची रीत आहे. ही घागर तिच्या आईनं लग्नात दिलेली.

मी झाशीत रेल्वेचा गँगमन होतो. शिक्षण चौथी. नगरा वस्तीत आमच्या गल्लीत दाराला कुलूप नसायचं. आता होळी झाली की आभाळ भाजतं. पाऊस येतो, चार दिवसांत संपतो. हँडपंप कोरडे. बायका पाण्याच्या ड्रमला साखळी घालतात. टँकरच्या नंबरावरून परवा एकाचं डोकं फुटलं. फोडणारा शेजारीच. एका ताटात जेवलेली माणसं ही.

आणि या ठेकेदारानं सरकारी पाइपाला मोटर लावलेली. गल्लीचं पाणी त्याच्या टाकीत. त्या दिवशी टाकी भरून वाहत होती. सुमननं त्या धारेखाली घागर धरली. एवढंच.

मी काय केलं? हात जोडले. "माफ़ कर दो, साहब." सुमननं माझ्याकडं एकदा बघितलं.

घागर त्यानं पोलीस चौकीत जमा केली. सुमन परत पाण्याला गेली नाही. घरात होतं ते मला पाजायची, स्वतः ओठ ओले करायची. मला उशिरा कळलं. नवव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाला, लू लगी है.

तेरावा झाला, मी चौकीत गेलो. दरोगानं कागद सरकवला. "दादा, माफ़ीनामे पे दस्तख़त करो, अपना बर्तन ले जाओ."

अक्षर अक्षर लावून वाचलं. माझ्या पत्नीने पाणी चोरले, असं हिंदीत लिहिलेलं. मी पेन खाली ठेवलं.

"पहले मोटर लिखो."

"गर्मी चढ़ गई बुड्ढे को."

"चढ़ी है. लिखो."

लिहिलं नाही. मी रोज जातो. नळाच्या वेळेला. बाकावर बसतो. घागर कपाटावर असते, नाव भिंतीकडं केलेलं. मी उठतो, नाव पुढं करतो, परत बसतो. आता शिपाई हटकत नाही.

हात एकदा जोडले. आता जोडणार नाही. घागर मी नेणार नाही. तिच्या शेजारी ती मोटर आणून ठेवा, मग बोलू चोर कोण.